एका विहिरीवर दोन मोटरी

बारावीचा निकाल लागला की कर्जतमधल्या बऱ्याच घरांत एक विषय निघतो. पोराला कॉम्प्युटर हवा असतो. ज्याच्याकडे आहे, त्याला तो वाढवून हवा असतो. गेम अडकतो, असं त्याचं म्हणणं. मग कुठून तरी तो ऐकून येतो, की आहे त्याच्या जोडीला तसलंच दुसरं ग्राफिक कार्ड लावलं की वेग डबल. जुनं कार्ड स्वस्तात मिळतंय. पप्पा, एवढे पैसे द्या.

पैसे देण्याआधी थोडा वेळ काढा आणि हे वाचा. पोरगा शेजारी असेल तर त्यालाही वाचून दाखवा. त्याला बोलणी बसावीत म्हणून हे लिहिलेलं नाही. घरात ज्वारीचा, दुधाचा, उसाचा पैसा कसा येतो हे तुम्हाला ठाऊक आहे. ऐन रंगात गेम अडकला की किती चिडचिड होते, हे त्याला ठाऊक आहे. दोघांचंही खरं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. नुसता गेम खेळायला दुसरं कार्ड घेऊ नका.

कारण तुम्हाला सांगायला सोपं आहे. सिद्धटेककडचा भीमेचा काठ आणि कुकडीच्या कालव्याखालची गावं सोडली, तर आपल्या तालुक्यात विहिरीचं गणित कुणाला शिकवावं लागत नाही. पाझर कमी असेल तर त्याच विहिरीत दुसरी मोटर सोडून पाणी दुप्पट होत नाही. पाणी लवकर तळाला जातं, मोटरी हवा ओढायला लागतात, केबल तापते. बिल मात्र दोन मोटरींचं येतं. कॉम्प्युटरचं तसंच आहे. चित्रं काढायचं काम कार्डाला प्रोसेसर पुरवतो. तो पाझर वाढला नाही, तर दुसऱ्या मोटरीला उपसायला काय मिळणार?

आणि पाझर चांगला असला तरी वाटणीची अडचण राहतेच. गेममध्ये पडद्यावर सेकंदाला साठ-साठ चित्रं उमटतात. दोन कार्डं असली की एकाने एक चित्र काढायचं, दुसऱ्याने त्याच्या पुढचं. पण ही वाटणी आपोआप होत नाही. गेम बनवणाऱ्यांनी आणि कार्डाच्या कंपनीने मिळून ती त्या-त्या गेमसाठी करून ठेवावी लागते. ती केलेली नसेल, तर दुसरं कार्ड नुसतं बसून राहतं.

एके काळी हे चालायचं, हे मान्य. थ्रीडीएफएक्स नावाच्या कंपनीने १९९८ साली दोन कार्डं जोडून दाखवली. एनव्हीडियाने २००४ मध्ये एसएलआय आणलं. पुढच्याच वर्षी एटीआयचं क्रॉसफायर आलं. जीटीए पाच हा गेम २०१५ साली कॉम्प्युटरवर आला, त्यातही दोन कार्डांची सोय होती. पण दोन्ही कार्डं अगदी एका चालीने चित्रं देत नाहीत. आकडा वाढलेला दिसतो आणि डोळ्यांना हिसके जाणवतात. हळूहळू कंपन्यांनाच ही डोकेदुखी नको झाली. १ जानेवारी २०२१ पासून एनव्हीडियाने नव्या गेमसाठी ही वाटणी करून देणं बंद केलं. २०२० च्या मालिकेत ३०९० सारख्या महागड्या कार्डालाच जोडणीची पट्टी बसत होती. २०२२ च्या अखेरीपासून आलेल्या घरगुती कार्डांना ती पट्टी लावायची जागाच ठेवलेली नाही.

पोरगा अजून एक सांगेल. आठ जीबीची दोन कार्डं, म्हणजे सोळा जीबी. तसं होत नाही. गेममध्ये दोन्ही कार्डांना तेच सामान आपापल्या जागेत ठेवावं लागतं. आठ आणि आठ मिळून आठच.

मग मोठ्या यंत्रांत शेकडो कार्डं असतात ती कशी चालतात? चांगला प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर पुण्यात आहे. सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला, तो अनेक चिपांना एकाच कामाला जुंपून. त्याच सी-डॅकचा परम सिद्धी-एआय २०२० साली जगातल्या पहिल्या पाचशे यंत्रांत ६३ वा आला. त्याच्या एकेका पेटीत आठ-आठ कार्डं आहेत. पूर्ण जोरात चालली तर एक पेटी साडेसहा किलोवॅट वीज घेते. पावणेनऊ एचपीची मोटर धरा. पण तिथे काम वाटून देणारी माणसं आहेत, थंड हवा आहे, वीज त्या बेताने बांधून घेतलेली आहे. तुमच्या माडीवर, पत्र्याखाली, एप्रिल-मेच्या उन्हात यातलं काय आहे?

आता विजेकडे येऊ. पैसा जातो तो इथेच, आणि कधी कधी वस्तूही जाते.

कॅबिनेटच्या मागे जिथे तुम्ही विजेची वायर खोचता, तो डबा म्हणजे एसएमपीएस. भिंतीतली वीज घेऊन तो सगळ्या भागांना पाहिजे तशी वाटतो. पोरांना कार्डाचे आकडे तोंडपाठ असतात. या डब्यावर काय लिहिलंय विचारा, गप्प बसतात.

कॉम्प्युटर बंद करा. वायर काढा. बाजूचं झाकण उघडा आणि डब्यावरचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरात ४५० वॅट नाहीतर ५०० वॅट लिहिलेलं असेल. त्या आकड्यावर भुलू नका. खाली +१२ व्होल्टचा रकाना असतो. तिथे किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि त्याला बाराने गुणा. कार्ड आणि प्रोसेसर मुख्यतः याच विजेवर चालतात. कॅबिनेटसोबत आलेल्या स्वस्त डब्यावर हा आकडा १६ असेल, तर गुणाकार होतो १९२ वॅट. बाहेर ४५०, आत १९२. ज्या डब्यावर १२ व्होल्टचे दोन रकाने आहेत, तिथे दोघांची सरळ बेरीज करू नका. खाली दोघांचा मिळून एक आकडा दिलेला असतो, तो धरा.

मागच्या बाजूला एक लाल बटण दिसलं, ११५ आणि २३० लिहिलेलं, तर त्याला हात लावू नका. ते २३० वरच राहिलं पाहिजे. ११५ वर सरकवून वीज दिली, तर डबा गेलाच समजा.

आणि डब्याचे स्क्रू कधीही खोलू नका. आत तीनशे-चारशे व्होल्ट साठलेले असतात. वायर काढल्यावरही ते काही वेळ तिथेच बसून असतात. घरात स्क्रूड्रायव्हर धरणारी हौशी पोरं असतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता वही घ्या. आरएक्स ५८० हे २०१७ सालचं कार्ड जुन्या बाजारात खूप फिरतं. एकाला १८५ वॅट लागतात. दोघांचे ३७०. प्रोसेसरचे शंभर धरा, पंखे-डिस्क-बोर्डाचे पन्नास-पंचावन्न. झाले सव्वापाचशे. चांगल्या एसएमपीएसमध्येही शंभरातले पंधरा भाग उष्णता होऊन जातात. म्हणजे भिंतीतून सव्वासहाशेच्या आसपास वॅट ओढले जाणार. पूर्ण जोरात रोज चार तास गेम चालला, तर दिवसाला अडीच युनिट. महिन्याला सत्तर-पंचाहत्तर.

त्याऐवजी आरटीएक्स ४०६० सारखं एकच नवं कार्ड धरा. त्याला ११५ वॅट लागतात. बाकी सगळं तेच ठेवलं, तर महिन्याला अडतीस युनिटच्या आसपास येतं. निम्म्याच्या जवळ. आणि नव्या गेममध्ये हे एकटं कार्ड त्या जोडीपुढे जातं.

महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या शंभर युनिटांना एक दर असतो आणि त्यापुढच्या युनिटांना दुपटीच्या आसपास. ज्या घराचं बिल आज नव्वद युनिटांवर थांबतं, त्या घरी ही वाढ जवळजवळ सगळी वरच्या दरात पडते. दुसरं कार्ड स्वस्तात मिळालं, असं म्हणताना हा हप्ता कुणी मोजत नाही. आणि तो दर महिन्याला येतो.

एसएमपीएस किती वॅटचा घ्यावा? सगळी बेरीज करा आणि वर तिसरा हिस्सा मोकळा ठेवा. कार्ड क्षणभर, डोळ्याला न दिसणाऱ्या वेळापुरतं, आपल्या आकड्याच्या दुपटीपर्यंत उडी मारतं. तेवढ्यात कच्चा डबा बंद पडतो आणि पोरगा म्हणतो, गेममध्येच व्हायरस आहे. २०२२ च्या एटीएक्स ३.० नियमांप्रमाणे बनलेले डबे अशा उड्या झेलायला बांधलेले असतात. नवा घेत असाल, तर तेच विचारून घ्या. दुकानदार म्हणेल, एवढा कशाला? तुम्ही आपला घ्या.

पिनांचं थोडं समजून घ्या. बोर्डाच्या खाचेतून कार्डाला ७५ वॅट मिळतात. सहा पिनच्या वायरीतून आणखी ७५. आठ पिनच्या वायरीतून १५०. दोन कार्डं म्हटली की अशा दोन स्वतंत्र वायरी लागतात, मोठ्या कार्डांना तीन-चार. साध्या डब्यात एकच असते. मग जुगाड सुरू होतो. डिस्कची चपटी साटा पिन घ्यायची, त्याला पाचपन्नास रुपयांचा जोड लावायचा आणि कार्डाला द्यायचा. त्या चपट्या पिनेतून १२ व्होल्टवर जास्तीत जास्त ५४ वॅट न्यायचं ठरलेलं आहे. तुम्ही तिच्याकडून दीडशे मागता. प्लास्टिक वितळतं, वास येतो आणि कधी कधी वास येईपर्यंत उशीर झालेला असतो.

असे जोड घरात आणू नका. एकाच वायरीला दोन तोंडं असतील, तर दोन्ही तोंडं एका भुकेल्या कार्डाला लावू नका. डब्यापासून दुसरी वायर ओढा. एका कंपनीच्या डब्याच्या सुट्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या डब्याला लावू नका. टोकं सारखी दिसतात, आतली पिनांची मांडणी वेगळी असते, आणि पहिल्याच झटक्याला डिस्क जाते. वर्षानुवर्षांचे फोटो त्यातच असतात. दोन जुने डबे तारेने एकत्र बांधून दोन कार्डं चालवणारेही आहेत. घरात ते नको.

नव्या मोठ्या कार्डांना बारीक पिनांची एकच जाड पिन येते. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० च्या अशा पिना वितळल्याचा जगभर बोभाटा झाला. बऱ्याच ठिकाणी कारण निघालं, की पिन शेवटपर्यंत बसलीच नव्हती. ती नीट दाबून बसवा, फट दिसता कामा नये, आणि पिनेजवळच वायर मुडपू नका.

मग गेम अडकतो त्याचं करायचं काय? तेही सांगतो.

आधी झाकण उघडून धूळ काढा. आपल्याकडची माती आणि मळणीचा भुस्सा पंख्यात बसतो तसा पुण्यात बसत नाही. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरागरा फिरू देऊ नका. प्रोसेसरवरची पेस्ट चार-पाच वर्षांत सुकते. ती बदलायला फार खर्च येत नाही. नुसत्या साफसफाईने कॉम्प्युटर सुधारला, असं पुष्कळ वेळा होतं.

मग नेमकं कमी काय पडतंय ते शोधा. त्याला पैसा लागत नाही. गेममध्ये जाऊन चित्राचा दर्जा सगळ्यांत कमी करा. वेग चांगला वाढला, तर कार्ड कमी पडत होतं. काहीच फरक पडला नाही, तर प्रोसेसर किंवा रॅम कमी पडतेय, आणि तिथे एक सोडून चार कार्डं लावली तरी उपयोग नाही. व्हॅलोरंटसारखे गेम साध्या कार्डावरही पळतात. बीजीएमआय मुळात मोबाइलचा गेम. तो कॉम्प्युटरवर वळवून खेळताना आधी दम लागतो तो प्रोसेसरला आणि रॅमला.

रॅमची एकच पट्टी असेल, तर तशीच दुसरी लावा. इथे मात्र जोडीचा खरंच फायदा होतो. दोन पट्ट्या एकदम काम करतात, आणि त्यासाठी गेम बनवणाऱ्याची परवानगी लागत नाही. जुनी फिरती डिस्क असेल, तर एसएसडी घाला. या दोन गोष्टींनी फक्त गेमच नाही, घरातल्या ताईचं ऑनलाइन फॉर्म भरण्याचं कामही सुधारतं.

मॉनिटर बघा. साध्या साठ हर्ट्झच्या मॉनिटरवर सेकंदाला साठच्या वर चित्रं दिसूच शकत नाहीत. कार्ड दीडशे चित्रं काढत असेल, तर उरलेली नव्वद वाया जातात.

हे सगळं करूनही कार्डच कमी पडतंय असं ठरलं, तर जुनं विका आणि एकच नवं घ्या. तुलना करताना दुसऱ्या कार्डाची नुसती किंमत मांडू नका. त्याच्या शेजारी मोठा एसएमपीएस मांडा, जास्तीचे पंखे मांडा, वर्षभराचं वाढीव बिल मांडा. दुसऱ्या बाजूला नव्या कार्डाची किंमत लिहा आणि जुनं विकून येतील ते पैसे त्यातून वजा करा. पोरालाच मांडायला लावा. गणितात तो तुमच्यापेक्षा पुढे आहे. पुष्कळदा तो स्वतःच मागे सरकतो.

जुनं कार्ड घेणाऱ्यांना दोन शब्द जास्तीचे सांगावे लागतील.

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली. तोवर लोक ग्राफिक कार्डं रात्रंदिवस चालवून ते चलन मिळवत होते. एका दिवसात ते बंद झालं आणि वापरून झिजलेली कार्डं जगभरच्या जुन्या बाजारात आली. त्यातली पुसून-पासून अजून फिरतात. पंखे हाताने फिरवून बघा. खरखर आली, तर सोडा. स्क्रूवरची खूण फोडलेली आहे का बघा. कार्ड चालू कॉम्प्युटरवर अर्धा तास गेम लावून दाखवा म्हणा. दाखवत नसेल, तर नमस्कार करून बाहेर पडा.

आरएक्स ५८० च्या नावापुढे २०४८ एसपी लिहिलेलं असेल, तर ते मुळात खालच्या दर्जाचं ५७० आहे. खऱ्या ५८० मध्ये तो आकडा २३०४ असतो. जीपीयू-झेड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात हा आकडा दिसतो. एनव्हीडियाची जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेतली कार्डंही आता विचार करून घ्या. नव्या गेमसाठी त्यांना ड्रायव्हर देणं कंपनीने ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलं आहे.

पुण्यात तपकीर गल्लीला जा किंवा नगरला जा, पक्कं बिल घ्या आणि त्यावर कार्डाचा सिरीयल नंबर लिहून घ्या. मीही एकदा बिलाशिवाय वस्तू घेऊन आलो होतो. वस्तू महिन्यात बसली. दुकानदाराने ओळखही दाखवली नाही. एसटीचं भाडं आणि एक आख्खा दिवस वर गेला.

ऑनलाइन मागवत असाल, तर पत्त्यात पिनकोड नीट बघा. आपल्या कर्जतचा ४१४४०२. नुसतं कर्जत लिहून पिनकोड चुकला, की पार्सल रायगडच्या कर्जतला फिरून येतं. पेटी फोडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. आतून दगड निघाला, तर तोच तुमचा साक्षीदार.

इथे कुणी म्हणेल, दोन कार्डं सरसकट वाईट कशी? तसं नाही. लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करणारे, थ्रीडी घरांचे नकाशे करणारे आपल्या गावात आहेत. ब्लेंडरसारखं सॉफ्टवेअर दोन कार्डांना काम नीट वाटून देतं आणि तिथे वेळ खरोखर वाचतो. डाव्हिन्ची रिझॉल्व्ह मात्र विंडोजवर फुकटच्या आवृत्तीत एकच कार्ड वापरतं, विकतच्या आवृत्तीत जास्त. दोन कार्डं वापरून महिन्याला पैसा परत येत असेल, तर जरूर लावा. पण कार्डांमध्ये एक खाच मोकळी सोडा. चिकटून बसवलेल्या दोन कार्डांत वरचं खालच्याची गरम हवा पितं. बोर्ड घेताना दुसरी लांब खाच खरोखर किती मार्गांची आहे ते विचारा. साध्या बोर्डावर ती दिसते सोळाची आणि आत असते चारची. गेमसाठी ज्यांनी आधीच दुसरं कार्ड घेऊन ठेवलंय, त्यांनी ते विकावं. रोज थोडी किंमत उतरतेय.

राहिली घरची वीज. कार्ड एक असो की दोन, हे सगळ्यांना लागू.

कॉम्प्युटर पातळ वायरीच्या एक्सटेन्शन बोर्डावर लावू नका. त्यातच मोबाइल, टीव्ही आणि कूलर असतो. भिंतीतल्या सोळा अँपिअरच्या बोर्डावर तो एकटा लावा. व्होल्टेज उतरलं की बल्ब मंद होतो, पण एसएमपीएस हट्टी असतो. त्याला हवी तेवढी वीज तो घेतोच, फक्त अँपिअर वाढवून. ८०० वॅट खाणारं यंत्र २३० व्होल्टवर साडेतीन अँपिअर ओढतं. व्होल्टेज १८० ला आलं की साडेचारच्या जवळ. वायरीतली उष्णता त्याने दीडपटीच्या वर जाते. संध्याकाळी गावभर दिवे, मिक्सर, कूलर लागतात तेव्हा असं होतं. गेमही तेव्हाच खेळला जातो. बोर्डाला हात लावून बघा. कोमट लागला, तर वायरमनला बोलवा.

यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेलं असतं, ते वॅट नव्हेत. साधारण ३६० वॅट धरा. दोन कार्डांचं यंत्र त्यावर टिकत नाही, लाइट गेली की दोघेही बसतात. घरच्या इन्व्हर्टरवर गेम खेळू नका. ती बॅटरी पंख्यासाठी आणि दिव्यासाठी ठेवा, आजी-आजोबांना रात्री लागते.

वळवाचं आभाळ आलं की पिन बोर्डातून उपटा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. इंटरनेटची तांब्याची वायर असेल, तर तीही काढा. खांबावरचा न्यूट्रल तुटला की घरात चारशेपर्यंत व्होल्ट घुसतात आणि एमसीबी ते थांबवत नाही. त्यासाठी जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारा प्रोटेक्टर वेगळा येतो. मीटरनंतर तो बसवून घ्या. फ्रिज, टीव्ही, कॉम्प्युटर, सगळ्यांचीच राखण होते. जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. तो माणसांसाठी.

आणि अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात का? पुष्कळ घरांत येतात, आणि लोक चप्पल घालून खेळतात. एसएमपीएसमध्ये एक गाळणी असते, ती थोडी वीज अर्थिंगमधून जमिनीत सोडते. जमीन मिळाली नाही, की ती वीज पत्र्यावर उभी राहते. बाईमाणूस ओल्या फडक्याने टेबल पुसायला येते तेव्हा काय होईल, याचा विचार करा. जाडी पिन तोडून दोन पिनांवर यंत्र चालवू नका. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, स्वतः बल्ब लावून बघायला जाऊ नका.

आपल्याकडे अर्थिंग असतं, पण उन्हाळ्यात मरतं. खड्ड्यातलं मीठ आणि कोळसा ओल धरून ठेवतात म्हणून ते काम करतं. मार्चनंतर मुरूम कोरडा पडतो आणि पत्रा नुसता जमिनीत पुरलेला राहतो. टँकरच्या दिवसांत खड्ड्यात पाणी ओता हे सांगायला जड जातं, पण भांडी धुतलेलं पाणी चालतं. आठवड्याला एक बादली. आज संध्याकाळी ओता, पुण्याची गाडी त्यानंतर धरा.